पाच गावांची डाक

अकोट आणि पूर्णा नदी यांच्यामधल्या सपाटीवर आमचं गाव आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा आणि मधे नुसती काळी जमीन. टेकडी नाही, खडक नाही. गावात शाखा डाकघर आहे आणि मी तिथली शाखा डाकपाल. डाकघराखाली पाच गावं येतात: आमचं, फाट्यावरचं, हायस्कूलचं, नदीकाठचं आणि पन्नास-साठ उंबऱ्यांचं एक लहान खेडं. नावं मुद्दाम लिहीत नाही. पुढे माणसांच्या घरातल्या आणि पैशांच्या गोष्टी येणार आहेत, आणि कुणाच्या दारी काय आलं हे दुसऱ्या दारात बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे.

हा दिवस नोव्हेंबरातला. दिवाळी उरकलेली, कापसाची वेचणी जोरात.

पहाटे ५

आज नळाची पाळी, म्हणून उठल्या उठल्या पाणी. हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेली सुमारे नऊशे गावं या पट्ट्यात मोडतात. नदीनं युगानुयुगं आणून टाकलेला गाळ इथे फार खोल आहे, पाण्याचा निचरा मंद आहे, आणि जमिनीखालच्या पाण्यात क्षार साठलेले आहेत. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते खारंच. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गुंडाच्या कडेवर पांढरा थर चढतो.

त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात दोन पाणी असतात. वापरायचं खारं आणि प्यायचं गोड. गोड पाणी येतं ते लांबून. वान नदीवरचं धरण सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथून चौऱ्याऐंशी खेडी योजनेची पाइपलाइन अकोट-तेल्हारा भागात फिरते. धरणातलं पाणी इथल्या नळाला येण्याआधी बायका बैलगाडीवर टिपाड ठेवून गोड्या विहिरीच्या शोधात दुसऱ्या गावी जात. लहान खेड्याच्या शिवारात, नाल्याच्या काठी, अशी एक विहीर आहे. बाकीच्या चारही गावांतल्या म्हाताऱ्या बायकांना तिची वाट पाठ आहे. सासूबाई सांगतात, लग्न ठरवताना मुलीचा बाप जमीन नंतर विचारायचा, आधी पाणी विचारायचा.

हंडे, गुंड, बादल्या, टाकी, सगळं भरून होईपर्यंत उजाडतं.

सकाळी साडेसहा

चहाच्या वेळेला गल्लीतून छोटा हत्ती जातो. मागच्या हौद्यात पंधरा-वीस बाया, कमरेला ओटी, डोक्याला दुपट्टा, हातात भाकरीची गाठोडी. वेचणीला मजूर गावातले पुरत नाहीत. नदीकाठच्या गावात जमीन कमी आणि हात जास्त. आमच्या गावात उलटं. त्यामुळे वेचणीच्या दिवसांत तिथल्या बाया आमच्या शिवारात, आणि हरभरा सोंगायच्या दिवसांत आमच्या त्यांच्याकडे. मजुरी किलोवर. जितकं वेचाल तितके पैसे, म्हणून लवकर निघायचं. दव असलेला कापूस मात्र मालक वजनात धरत नाही, म्हणून फार लवकरही जाऊन उपयोग नाही. साडेसहाची वेळ अशी ठरलेली आहे.

हौद्यातून कुणीतरी ओरडून विचारतं, "वहिनी, पैसे पडले का व?" मी हात हलवून सांगते, दुपारी येते तुमच्या गावात. लाडक्या बहिणीचे दीड हजार, श्रावणबाळचे, निराधारचे, पीएम किसानचे दोन हजार. सरकारी पैसा आता खात्यात पडतो. खात्यातून हातात यायला मात्र अजून माणूस लागतो.

सकाळी ८

फाट्यावर मानव विकासची निळी बस येते. आमच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत, पुढे हायस्कूलच्या गावात जावं लागतं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट. ही बस सुरू होण्याआधी आमच्याकडच्या बऱ्याच मुली सातवीला थांबत. आईबापांना शाळा नको नव्हती, त्यांना मधला रस्ता नको होता. दोन्ही बाजूंना पुरुषभर वाढलेली तूर, मधून गाडीवाट आणि पावसाळ्यात तीही बंद. बस आली तशी मुली दहावीला बसू लागल्या, बारावीला बसू लागल्या. आता त्यांतल्याच काही नर्सिंगचे, पोलीस भरतीचे अर्ज भरतात आणि त्यांची पत्रं माझ्या पिशवीत येतात. गावातल्या पोरीच्या नावाचं स्पीड पोस्ट आलं, की ते द्यायला मी अर्धा तास वेळ जास्तीचा धरते. त्या घरात बसावंच लागतं.

सकाळी ९

डाकघर आमच्या घराच्याच पुढल्या खोलीत आहे. टेबल, तिजोरीची पेटी, काटा, बाहेर लाल पेटी. पहिलं काम शिक्क्याची तारीख बदलायची आणि त्याचा ठसा रजिस्टरात उमटवायचा. आज या डाकघरातून काय गेलं, काय आलं याचा पहिला पुरावा तोच. मग रोकड मोजायची, तिकिटं मोजायची, कालच्या शिलकेशी जुळवायची, आणि मग मोबाईलवर ॲप उघडायचं.

खेड्यातलं डाकघर सगळीकडे असंच चालतं. देशात १ लाख ६४ हजारांहून जास्त डाकघरं, त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत, आणि खेड्यांतली बहुतेक आमच्यासारखी शाखा डाकघरं. ती आमच्यासारखे ग्रामीण डाकसेवक चालवतात. कामाचे तास कागदावर चार किंवा पाच. पण गावात राहणाऱ्या माणसाचं काम तासांत मावत नाही, आणि ते मावावं असं मला वाटतही नाही.

सकाळी पावणेदहा

पिशवी आली. मोहोर शाबूत आहे का बघायची, मग कापायची. आत उपडाकघराची यादी, त्या यादीप्रमाणे एकेक वस्तू ताडून घ्यायची. आजच्या पिशवीत आधार कार्डं, दोन एटीएम कार्डं, विम्याच्या नोटिसा, अकोल्याच्या कोर्टाचं एक समन्स, ऑनलाइन मागवलेली तीन पार्सलं, एका दिवाळी अंकाचं उशिरा आलेलं पाकीट आणि काल मागितलेली रोकड. रजिस्टर्ड डाक २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवली गेली, तरी गावात सही घेऊन द्यायचं प्रत्येक पाकीट अजून रजिष्टरच.

मी पाच गठ्ठे लावते. पत्त्यांवर गावं पाच, पण पिन कोड एकच. ही पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवी. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ४४४ म्हटलं की अकोला, अमरावती, बुलडाण्याचा मुलूख. शेवटच्या तीन आकड्यांत ज्या डाकघरातून डाक वाटली जाते ते. म्हणजे पोस्टाच्या लेखी ही पाच गावं पन्नास वर्षांपासून एकाच पत्त्याची आहेत.

बाकीच्यांच्या लेखी नाहीत. तलाठ्याचा साझा वेगळा, त्यात आमच्यातली तीन गावं. लहान खेडं आणि फाट्याचं गाव यांची गट ग्रामपंचायत. आरोग्य उपकेंद्र हायस्कूलच्या गावात, पण नदीकाठचं गाव दुसऱ्याच उपकेंद्राला जोडलेलं, कारण नकाशावर ते जवळ दिसतं. मधे नाला आहे हे नकाशावर दिसत नाही. लाइनमनचा भाग वेगळा, शाळांचं केंद्र वेगळं. माणूस एकच, पण सातबाऱ्यासाठी एकीकडे, इंजेक्शनसाठी दुसरीकडे, दाखल्यासाठी तिसरीकडे. त्यांच्या डोक्यात मात्र हे सगळं एकच गाव असतं. नाती, शेतं, बाजार, मयत, सप्ताह, सगळं पाच गावांत फिरतं.

सकाळी साडेदहा

खिडकीवर लोक. आवर्ती ठेवीचे हप्ते, ग्रामीण डाक जीवन विम्याचे हप्ते, सुकन्येचा भरणा. सुकन्या समृद्धी खातं २०१५ साली सुरू झालं. दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावानं काढता येतं आणि वर्षाला निदान २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. आमच्याकडे कापसाचा पहिला वेचा विकला की त्यातून सुकन्येत भरायची रीत पडत चालली आहे. शंभर-दोनशेच्या नोटा रुमालात बांधून आणतात. पहिल्या वेच्याचा पैसा मुलीच्या नावावर, हे कुणी शिकवलेलं नाही. एकीनं केलं, दुसरीनं पाहिलं.

आज अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. श्रावणबाळचे पैसे काढायचे होते. आधारवर पैसे काढायचे म्हणजे यंत्रावर बोट ठेवायचं. उजवा अंगठा ठेवला, लागला नाही. ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ठेवला, तरी नाही.

"काऊन नाई घेऊन राह्यलं वं ते?"

"आजी, हात दाखवा."

त्यांनी दोन्ही पंजे उघडले. कापसाचं बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या सुकून टोकदार होतात. दिवसभर त्यांतून कापूस ओढायचा, तर बोटांची टोकं ओरबाडली जातात, नखाच्या कडेनं चिरतात. अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या, आणि जिथे रेषा असायला हव्यात तिथे बारीक आडव्या भेगा, त्यांत काळी माती बसलेली.

"हे पाय, बोंडाईनं पार सोलून टाकलं."

मी त्यांच्या बोटांना खोबरेल लावलं, पुसलं, थोडं थांबले. तर्जनी नाही. मधलं बोट नाही. डाव्या हाताची करंगळी बाकी राहिली होती; वेचताना तिला काम कमी पडतं. ती ठेवली आणि यंत्रानं घेतली.

"निंगाले का?"

"निघाले. किती देऊ?"

"पाचशेच दे मले. बाकीचे राहू दे, सूनबाईच्या दवाखान्यासाठी."

नोटा मोजून हातात दिल्या, पावती वाचून दाखवली, शिल्लक दोनदा सांगितली. वेचणीच्या हंगामात असे हात रोज येतात. म्हणून खोबरेलाची बाटली टेबलावरच असते, आणि करंगळीपासून सुरुवात करायची हे आता हाताला वळण पडलं आहे. पण बोट लागलं नाही म्हणून एखादी बाई पैसे न घेता परत गेली, तर तिनं अकोटला जायचं कसं? बसचं भाडं, दिवसाची मजुरी, आणि तिथेही बोट तेच. दारात ओळखीचं माणूस बसलेलं असणं याला म्हणूनच किंमत आहे. ते माणूस घाई करत नाही, दहाही बोटं लावून बघतं.

दुपारी साडेबारा

बारानंतर खिडकी बंद, पिशवी खांद्याला, स्कूटी बाहेर. आधी फाट्याचं गाव, मग हायस्कूलचं. डांबरी रस्ता तिथे संपतो. पुढे पाणंद.

नोव्हेंबरात पाणंद चांगली असते. जमीन वाळून टणक झालेली, दोन्हीकडे पांढरा कापूस, मधे पिवळ्या फुलांची तूर, आणि जिथे मूग निघाला तिथे हरभऱ्याची रोपं वीतभर वर आलेली. हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते आणि तिच्यावर नरनाळा किल्ल्याचा डोंगर ओळखता येतो. इतक्या सपाटीवर दिशा कळायला तेवढीच खूण.

पावसाळ्यात हीच वाट वेगळी. ही काळी माती पाणी धरते आणि चाकाला चिकटते. दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामधे गच्च बसते. काडीनं उकरायची, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायची. त्या दिवसांत स्कूटी हायस्कूलच्या गावात ठेवून, चपला हातात घेऊन, पिशवी प्लॅस्टिकमधे बांधून चालत जावं लागतं. पूर्णा चढली की नाल्याचं पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे येतं, आणि मग नदीकाठचं गाव तुटतं. रस्ता करायचा म्हटलं तरी या सपाटीत दगड नाही. मुरूम आणि खडी सातपुड्याच्या पायथ्याकडून नाहीतर अकोल्याच्या पलीकडून आणावी लागते, आणि काळ्या मातीवर ती जाड थरानं अंथरली नाही तर दोन पावसाळ्यांत खाली गडप होते. दुसरीकडे एका किलोमीटरला लागतो त्याहून खर्च इथे जास्त, आणि वाट वापरणारी गावं लहान. म्हणून प्रत्येक यादीत ही पाणंद खाली जाते.

वाटेत एक रिठ लागतं. म्हणजे महसुली नोंदीत गाव आहे, शिवार आहे, गट नंबर आहेत, वस्ती नाही. पांढरीचा उंचवटा, एक मारुती आणि चिंचेची दोन झाडं. केव्हातरी ते गाव उठलं आणि माणसं आजूबाजूच्या गावांत गेली. जमिनी आजही त्याच घराण्यांकडे आहेत, चार गावांत वाटलेल्या. हनुमान जयंतीला चारही गावांतून तिथे नैवेद्य जातो.

दुपारी दीड

नदीकाठचं गाव. इथे पहिलं काम हयातीच्या दाखल्याचं. केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात आपण हयात आहोत हे दाखवून द्यावं लागतं. पूर्वीच्या अकोला-खंडवा मीटरगेज लाइनवर गँगमन असलेल्या एका माणसाच्या पत्नी इथे राहतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवर आहेत. बँक शाखेत त्यांना नेणं म्हणजे खाट ट्रॅक्टरवर घालून नेणं. आता पोस्टाच्या पेमेंट बँकेमार्फत आम्ही घरी जाऊन दाखला काढतो. बोट लागलं नाही तर चेहऱ्यावरून.

त्यांच्या सुनेनं त्यांना उशीला टेकवून बसवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. मी फोन धरला. "काकू, इकडे बघा, आता डोळे मिटून उघडा." त्यांनी मिटले ते उघडेचनात, फोटो नीट यावा म्हणून घट्ट धरले होते. नात हसली, त्याही हसल्या, आणि त्या हसण्यात डोळे लवले तेव्हा काम झालं. पुढचं वर्षभर त्यांची पेन्शन थांबणार नाही. हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि त्यासाठी पूर्वी एका म्हाताऱ्या बाईला तीन माणसांनी दिवसभर घेऊन फिरावं लागलं असतं.

मग सकाळी हौद्यातून विचारणाऱ्या बाईचं घर. ती शेतात, पण सासू खात्याचं पुस्तक घेऊन बसलेली. पैसे जिच्या नावाचे तिचंच बोट लागतं, सासूच्या हाती देता येत नाहीत. "संध्याकाळी तिलाच पाठवा, घरी असते मी." नियम आहे, आणि चांगला नियम आहे. या पैशांवर तिचा हात आधी पडला पाहिजे.

या गावापासून पूर्णेच्या पट्ट्यात दहीहांडा फार लांब नाही. तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढत असत. १९३० साली गांधीजी दांडीला निघाले तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांपुढे प्रश्न होता, समुद्र नाही तर मिठाचा कायदा मोडायचा कसा? त्यांनी दहीहांड्याच्या विहिरीचं खारं पाणी घेतलं आणि मीठ केलं. ज्या पाण्यानं आमच्या बायकांचा जन्म हंडे वाहण्यात गेला, त्याच पाण्यानं वऱ्हाडाला सत्याग्रहात उभं केलं. शाळेतल्या मुलांना मी हे नेहमी सांगते. आपल्याकडे काही नाही असं ऐकत ती वाढतात, म्हणून त्यांना हे माहीत असायला हवं.

दुपारी ३

परत डाकघर. वाटलेल्या डाकेच्या नोंदी, न सापडलेल्यांचे शेरे. समन्सवाला माणूस पुण्याला कामाला गेला आहे. तसं लिहायचं, घरच्यांना तोंडी सांगायचं नाही. दिवसाचा हिशेब: आलेली रोकड, गेलेली रोकड, शिल्लक. डाकघरात किती रक्कम ठेवता येते याची मर्यादा असते. वरची रक्कम उपडाकघराला पाठवायची, आणि उद्या जास्त लागणार असेल तर मागणी लिहायची. उद्या हायस्कूलच्या गावात पैसे काढणारे बरेच आहेत, म्हणून मागणी मोठी. लाल पेटी उघडली: परीक्षा फॉर्मचे दोन लिफाफे, एका शेतकऱ्याचा विमा कंपनीला अर्ज. शिक्के मारले, पिशवी बांधली, मोहोर लावली. साडेतीनला ती निघाली.

भाकर खायला आता वेळ मिळतो. ज्वारीची भाकर, चून, हिरव्या मिरचीचा ठेचा.

दुपारी साडेचार

आमची थोडी शेती आहे, कापूस आणि तूर, आणि रिकाम्या तुकड्यात हरभरा. वेचणीवाल्या बायांची गाठोडी ताणकाट्यावर लावायची, वहीत नावापुढे किलो लिहायचे, ते माझं काम. वजन बोलून सांगते आणि काटा त्यांच्याकडे वळवून धरते.

शेताच्या खालच्या कोपऱ्यात शेततळं आहे. खारपाणपट्ट्यातल्या शेतीचा सगळा प्रश्न आणि बरंचसं उत्तर त्या खड्ड्यात आहे. बोअरचं खारं पाणी पिकाला दिलं तर एखादं वर्ष पीक येतं. पण त्यातला सोडियम जमिनीत साठतो, माती घट्ट होते, वरचं पाणी आत शिरत नाही, आणि जमीन चोपण होते. चोपण झालेली जमीन पुन्हा सुधारायला वर्षं जातात. आभाळातलं पाणी मात्र गोड. जी काळी माती रस्ता करू देत नाही, तीच तळ्यात पाणी धरून ठेवते. या मातीत ते फार झिरपत नाही. हरभऱ्याला फुलोऱ्यात एक ओलीत मिळालं तरी पिकात फरक पडतो. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यातली गावं घेतली गेली, आणि शेततळ्यांना हात मिळाला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानंही या जमिनींवर काम केलं आहे.

पण तळ्याचं पाणीसुद्धा एका गावाचं नसतं. वरच्या शिवारात बांध नीट असले तर खालच्या शिवाराची माती वाहत नाही. फाट्याच्या गावानं नाला खोल केला की नदीकाठच्या गावाला पूर लवकर येतो. सपाटीवर उतार डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला तो बरोबर कळतो.

संध्याकाळी ७

सकाळची बाई आली, सोबत तिच्या गल्लीतल्या आणखी दोघी. तिचंही करंगळीवरच निघालं. पंधराशे घेतले, पाचशे तिथेच मुलीच्या सुकन्येत भरायला दिले. खिडकी बंद झालेली असते, म्हणून तिला चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं, भरणा उद्या सकाळी होईल, पुस्तक आणून दाखवीन. ती म्हणाली, "तुमी हाय म्हनून." मग एकाला पीक विम्याचा संदेश वाचून हवा होता, एका मुलाला पोलीस भरतीचं प्रवेशपत्र कुठून काढायचं ते विचारायचं होतं, आणि एका आजोबांना काहीच काम नव्हतं, ते बसले, चहा घेतला, नदीकाठच्या गावातला त्यांचा मावसभाऊ कसा आहे ते विचारलं. मी त्याला दुपारी पाहिलं होतं. बरा आहे, मी म्हणाले.

रात्री ९

उद्याचे गठ्ठे डोक्यात लावून झाले, आणि रोज हे काम करताना जे दिसतं ते इथे सांगितलंच पाहिजे. एकेक गाव सुटं धरून हिशेब मांडला, तर यातलं प्रत्येक गाव तोट्याचं निघतं. हायस्कूलच्या गावाला शाळा आहे पण तिथली मुलं थोडी; बाकीच्या चार गावांतून येतात म्हणून ती चालते. आमच्या डाकघराचं काम एका आमच्या गावावर भागलं नसतं. पाच गावांनी मिळून ते जगवलं आहे. लहान खेड्यात पन्नास उंबरे, पण संकटात चौघांना पाणी देणारी विहीर तिथे. नदीकाठच्या गावाला जमीन कमी, पण त्यांचे हात नसतील तर आमचा कापूस झाडावरच राहील. एका गावाकडे सगळं नसतं, पाच गावांकडे मिळून असतं. आणि त्यांना जोडणारी वाट तुटली की सगळ्यांचंच तुटतं.

पाणंद कोणत्या गावाची, असं विचारलं की ती कुणाचीच राहत नाही. नदीकाठच्या गावची लोकसंख्या मोजून तो रस्ता ठरत असेल तर तो कधीच होणार नाही. त्या वाटेनं जाणारी शाळेतली मुलगी, वेचणीचा हौदा, उपकेंद्रात नेलेली बाळंतीण आणि डाकेची पिशवी मोजली, तर तो आधी व्हायला हवा. या सपाटीवर कुठलीही सोय आणायची असेल, तर ती कोणत्या गावाला द्यायची हा प्रश्न नंतर. ती पाचही गावांना कोणत्या वाटेनं पोचेल, हा आधी.